पाटील काय म्हणाले

काकाजींनी आम्हाला फसवलं. आम्हाला म्हणजे भोपाळच्या टी. टी. नगरातल्या सरकारी क्वार्टरांच्या आमच्या अख्ख्या ओळीला, आणि सगळ्यात जास्त मला. बाकीच्यांचं काही गेलं नाही. त्यांनी रविवारी दुपारी सिनेमा पाहिला, शेंगदाणे खाल्ले आणि घरी जाऊन झोपले. मी त्या सिनेमावर धंदा उभा केला.

हे मी रागात लिहितो आहे, ते आधीच सांगून ठेवलेलं बरं. माझा राग करोंदपासून कोलार रोडपर्यंत सगळ्या ठेकेदारांना माहीत आहे. मी पाडलेल्या इमारतींचा माल घेतो. सागवानी चौकटी, कवाडं, खिडक्यांचे गज, जुन्या फरश्या. वडील चपराशी होते. त्यांच्याकडून मला एक सायकल मिळाली आणि तिला ब्रेक नव्हते. बाकी जे काही आहे ते मी भाव पाडून, भाव चढवून, वेळ पडली तर आरडाओरडा करून मिळवलेलं आहे. त्यामुळे मला कोणी फसवलं की फार लागतं. जिवंत माणसाने फसवलं तर त्याच्या दुकानासमोर जाऊन उभं राहता येतं. मेलेल्या माणसाने फसवलं तर कुठे उभं राहायचं?

काकाजी आमच्या शेजारच्या क्वार्टरात राहत. मूळचे नागपूरचे. राज्य बदललं, कचेरी भोपाळला आली, तिच्याबरोबर तेही आले. ते स्वतः हे वेगळ्या क्रमाने सांगत. "आधी फायली उतरवल्या, मग मशिनी उतरवल्या, मग आमाले उतरवलं." हुद्दा टायपिस्ट. अंगाने काटकुळे, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं, आणि बोटं कधी स्वस्थ नाहीत. तुम्ही त्यांच्याशी बोलू लागलात की त्यांची बोटं मांडीवर चालत. तुम्ही जे बोलाल ते टाइप होई. वाक्य संपलं की अंगठा पडे. आम्ही मुलं मुद्दाम भरभर बोलायचो, म्हणजे त्यांची धांदल उडेल. ती कधी उडाली नाही. उलट शेवटी ते म्हणत, "दोनदा तेच बोललास. एक कापतो."

दुसरी खोड बसवण्याची. उभ्या माणसाशी काकाजी बोलत नसत. क्वार्टराच्या दाराबाहेर त्यांनी स्वतः विटा रचून, सिमेंट थापून एक बाक केलेला होता. तो एका बाजूला कललेला होता, कारण गवंडीकामात त्यांना काही गती नव्हती. भाजीवाली, पोस्टमन, गॅसवाला, कोणीही येवो, पहिलं वाक्य ठरलेलं. "बसा आधी." विजेचं मीटर पाहायला येणारा माणूस एकदा वैतागला. "बाबूजी, मीटर दीवार पे ऊपर लगा है. बैठ के कैसे पढूँ?" काकाजी म्हणाले, "पढ लो, फिर बैठो. बैठे बिना मत जाना." तो बसला. पाणी प्याला. त्याच्या बहिणीच्या लग्नाचं सगळं सांगून गेला. पुढे तो पावसातसुद्धा आमच्या ओळीत यायला कुरकुर करत नसे.

मला म्हणत, "का रे बाबू, उभा काहून आहेस? बस आधी." मी बारावीत आपटलो त्या दिवशीही तेच म्हणाले. वडील दारात चप्पल घेऊन उभे होते, म्हणून मी काकाजींच्या बाकावर बसलो. वडील आले तर काकाजी त्यांनाही म्हणाले, "तुम्ही पण बसा. दिवसभर तिथं स्टुलावर बसता ते काही बसणं नोहे." वडील त्याच कचेरीत साहेबाच्या दारावर चपराशी होते. आम्ही दोघं त्या कललेल्या बाकावर शेजारी शेजारी बसलो. बसलेल्या माणसाला चप्पल मारता येत नाही. मला वाटतं, वडिलांच्याही ते लक्षात आलं.

आता सिनेमा.

त्या काळी ओळीतले लोक वर्गणी काढून व्हीसीआर आणि टीव्ही भाड्याने आणत. हिंदी सिनेमे एकामागून एक चालत. पण अधूनमधून, वर्षातून दोन-तीनदा, रविवारी दुपारी काकाजी आपली स्वतःची कॅसेट घेऊन येत. सिनेमा इंग्रजी. मोठ्या टोप्या, घोडे, धूळ, लाकडी दुकानं, आणि जो तो जो दिसेल त्याला गोळी घालतो आहे. त्याचं खरं नाव आमच्यापैकी कोणाला उच्चारता येत नव्हतं. नायकाचा घोडा पिवळट होता, म्हणून सगळे त्याला पिवळ्या घोड्याचा सिनेमा म्हणत. इंग्रजी कोणालाच कळत नव्हतं. पण काकाजी इंग्रजी टाइप करत, म्हणजे त्यांना इंग्रजी येतं, हे ओळीत सगळे धरूनच चालत. खिडक्यांना चादरी लावायच्या, कूलरमध्ये पाणी भरायचं, आवाज बारीक करायचा. काकाजी टीव्हीच्या शेजारी खुर्ची घेऊन बसत आणि मराठीत सांगत.

आणि काय सांगत! घोड्यावरचा गोरा नायक म्हणजे "साहेब". कंबरेला पिस्तूल लावून हिंडणारा "ठाणेदार". दारूच्या गुत्त्याला ते कँटीन म्हणत. गुत्त्याला तशी अर्धी झुलती दारं होती, वरून डोकं दिसतं आणि खालून बूट. ती दिसली की काकाजी म्हणत, "हे बघा, साहेबाचं केबिन." कचेरीतली मंडळी खो खो हसत, कारण तिथे साहेबाच्या खोलीला अगदी तशीच दारं होती. एका ठिकाणी दाराखालून फक्त बूट दिसत. काकाजी तिथे कॅसेट थांबवत. "बूट बघा," म्हणत. चित्र थरथरत राही. मग चालू करत, आणि नायक दार ढकलून बाहेर येई. "हा आला बाहेर," काकाजी म्हणत. दर वेळी तेच, त्याच सुरात, जणू बाहेर येणं ही मोठीच गोष्ट.

पिसांचं मुंडासं घातलेले जे लोक होते, त्यांना काकाजी कधी रेड इंडियन म्हणाले नाहीत. "तिथले राहणारे," म्हणत. त्यांच्या म्होरक्याला "पाटील". पाटलांविषयी आदराने बोलत, साहेबाला मात्र एकेरी. गोष्ट अशी, की कंपनीला रेल्वेचे रूळ टाकायचे आहेत. मध्ये खोरं आहे. खोऱ्यात वस्ती आहे. कंपनीने साहेबाला कागद देऊन पाठवलं आहे. शेकोटीजवळ पाटील बसलेले. साहेब घोड्यावरून उतरतो. पाटील त्याच्याकडे नुसते पाहतात. बराच वेळ कोणी काही बोलत नाही. मग पाटलांचे ओठ हलतात.

"पाटील म्हणतात," काकाजी सांगत, "बसायला आलात, की उठवायला?"

खोलीत कूलरचा तेवढा आवाज.

"साहेब विचार करून राहिला. बघा, टोपी काढली. सबंध सिनेमात पहिल्यांदा काढली. म्हणतो, बसायला आलो. पाटील म्हणतात, मग बसा. माती उचलली बघा हातात. म्हणतात, ही पाहायला वेळ लागतो, घाई असेल तर जा."

मग साहेब बसतो. आणि काकाजी सांगत, की कंपनीने रूळ वळवले, खोरं सोडून डोंगराकडून नेले. आणि बटण दाबून कॅसेट बंद करत.

"काकाजी, पुढे?"

"पुढे नुसती धूळ आहे. चहा घ्या."

मी तो प्रसंग किती वेळा पाहिला कोण जाणे. मला त्यात एकच गोष्ट दिसली: सौदा. इतका स्वच्छ सौदा मी आजवर पाहिलेला नाही. आधी बोलायचं नाही. समोरच्याला टोपी काढायला लावायची. आणि भावाचा प्रश्नच विचारायचा नाही, असा प्रश्न विचारायचा की समोरच्याला स्वतःचं तोंड पाहावं लागेल.

माझा पहिला मोठा सौदा असाच झाला. जुन्या शहरात एक बंगला पडत होता. आतली दारं अशी, की आजही आठवली तर हात शिवशिवतात. माल घ्यायला तिथे एक खाँ होते, माझ्याहून वयाने मोठे, धंद्यात मुरलेले. आज ते माझे भागीदार आहेत. तेव्हा ते मला चिलटासारखं झटकत होते. मी चौकटीवर बसलो. ते भाव सांगत राहिले, मी गप्प. ते ओरडले, मी गप्प. शेवटी मी म्हणालो, "खाँ, बैठने आए हो कि उठाने?" ते माझ्याकडे पाहत राहिले. मग एकदम हसले. "को खाँ, ये किससे सीखा?" भोपाळात कोणीही कोणालाही खाँ म्हणतं. आम्ही अर्धी-अर्धी दारं घेतली. खाँ आजही लग्नाकार्यात ही गोष्ट सांगतात, आणि दर वेळी मी त्यांना सांगतो, की हे एका पाटलाचं वाक्य आहे, अमेरिकेतल्या.

गंमत म्हणजे स्वतः काकाजींना घासाघीस येत नव्हती. मुळीच नाही. एकदा मी त्यांच्याबरोबर कूलर घ्यायला गेलो. मी दुकानदाराला घोळात घेतलं होतं, तो आता उतरणार, एक पायरी बाकी होती. तेवढ्यात काकाजी म्हणाले, "अरे भाई, आप कब से खड़े हो, बैठो ना." तो बसला. त्याला बरं वाटलं. बसल्यावर तो भावावरही नीट बसला, आणि काकाजींनी त्याने सांगितले तेवढे देऊन टाकले. परतताना रिक्षात मी संतापलो. "काकाजी, सिनेमात एवढं शिकवता, आणि इथे काय करून ठेवलंत?" ते कूलरवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "सिनेमात सौदा कुठं आहे बाबू?" मला वाटलं, थट्टा करतात.

काकाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. क्वार्टरांची आमची ओळही पाडली. तो बाक वाचवता आला नाही. सिमेंट काकाजींच्या हातचं, पहिल्या धक्क्याला भुगा झाला. गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाने जुन्या ओळीतल्या लोकांचा मेळावा ठरवला. मी उठून म्हणालो, "खर्च माझा. पिवळ्या घोड्याचा सिनेमा दाखवू. काकाजींच्या आठवणीत. रविवारी दुपारीच." टाळ्या पडल्या. माझ्या धाकट्या मुलीने इंटरनेटवरून तो सिनेमा शोधून काढला. ती पुण्याला नोकरी करते, तेव्हा सुट्टीवर आली होती. म्हणाली, "बाबा, हिंदी सबटायटल के साथ मिला है. पण मी आधी एकदा बघू का?"

"बघायचंय काय त्यात? मला तोंडपाठ आहे."

हॉल भरला. मी खाँना पहिल्या रांगेत बसवलं. "आज तुम्हाला दाखवतो," मी म्हणालो, "ते वाक्य कुठून आलं." मुलगी माझ्या दुसऱ्या बाजूला. काकू, म्हणजे काकाजींच्या पत्नी, आल्या नाहीत. गुडघे दुखतात असा निरोप होता.

सिनेमा सुरू झाला. रंग स्वच्छ, पडदा मोठा. आणि खाली हिंदी अक्षरं. पहिल्याच प्रसंगात ठाणेदार तिथल्या राहणाऱ्यांबद्दल जे बोलला, ते वाचून हॉलमध्ये कोणीतरी "अरे?" म्हणालं. मी म्हटलं, ठाणेदार आहे, बोलायचाच. मग नायक बोलला. तेच, किंबहुना त्याहून वाईट. गुरांबद्दल बोलावं तसं. आणि मागे बाजा वाजतो आहे, मजेचा. हा काकाजींचा साहेब? कागद घेऊन निघालेला, जरा भित्रा, जरा भला?

मुलगी कानाशी म्हणाली, "बाबा, ये लोग बोलते क्यों नहीं? एकालाही वाक्य नाही."

"येतंय. थांब."

शेकोटी आली. पाटील दिसले. एवढ्या मोठ्या पडद्यावर मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. मुलगी म्हणाली, "हा तर गोरा माणूस आहे. रंग लावलाय, ये देखो, कान के पीछे." खरंच कानामागे रंग संपत होता. भाड्याच्या टीव्हीवर ते कधी दिसलंच नव्हतं.

पाटलांचे ओठ हलले. खाली अक्षरं आली. पाटील तंबाखू मागत होते. मोडक्यातोडक्या शब्दांत, लहान मूल मागतं तसे. नायकाने टोपी काढली, बाहीने घाम पुसला आणि परत घातली. पाटलांनी माती उचलून दाखवली. नायक मागे वळून जोडीदाराला म्हणाला, की म्हातारा तंबाखूच्या एका पोत्यात सगळं खोरं देईल. दोघं हसले.

खाँ माझ्याकडे वाकले. त्यांनी हळू बोलायचा प्रयत्न केला, पण त्यांचा आवाज मुळातच मोठा. "को खाँ, तुमारा पटेल तो कुछ बोल ई नी रिया."

मागे हशा पिकला. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मी म्हटलं, शेवट होऊ दे. शेवट, जो आमच्यापैकी कोणी कधी पाहिला नव्हता, कारण पुढे नुसती धूळ होती. धूळ होतीच. बिगुल वाजला, घोडदळ आलं, वस्ती पेटवली. पाटील पळताना पाठीत गोळी लागून पडले, आणि कॅमेरा त्यांच्यावर थांबलासुद्धा नाही. रूळ सरळ खोऱ्यातून गेले. नायक पिवळ्या घोड्यावर बसून मावळतीकडे निघाला आणि बाजा पुन्हा मजेत वाजू लागला. हॉलमधल्या चार म्हाताऱ्यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि मध्येच थांबवल्या.

मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, म्हणजे काकाजींनी सगळं मनाचं सांगितलं?"

तिच्या आवाजात कौतुक होतं. मला त्या कौतुकाचा आणखी राग आला. माझी तीस-पस्तीस वर्षांची बढाई त्या हॉलमध्ये, माझ्याच खर्चाने, सगळ्यांसमोर आडवी झाली होती. ते वाक्य माझं बोट धरून मला इथवर घेऊन आलं. ते कोणाचं, एवढं तरी मला कळायला हवं होतं. मी गाडीची किल्ली घेतली आणि तसाच कोलार रोडला काकूंकडे निघालो. मुलगी मागून धावत आली. "आप ड्राइव्ह मत करो, इस हालत में," म्हणाली, आणि किल्ली हिसकावून घेतली.

काकू मुलाच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत मटार सोलत होत्या. मी दारातूनच सुरू केलं. "काकू, काकाजींनी आम्हाला फसवलं. सिनेमात ते वाक्यच नाही!"

"बस आधी," काकू म्हणाल्या.

"बसत नाही. तुम्हाला माहीत होतं?"

"बस रे बाबू. उभ्यानं काय ऐकशील?"

मी बसलो. मुलगी खाली जमिनीवर बसून मटार सोलू लागली. काकूंनी मला विचारलं, "ह्यांचा विभाग कोणता होता, माहीत आहे ना तुले?"

"टायपिंग."

"टायपिंग हा काही विभाग नसतो. काय टाइप करत?"

इतकी वर्षं शेजारी राहून मी हे कधी विचारलेलं नव्हतं. काकूंनी सांगितलं. धरण व्हायचं होतं. ज्या गावांत पाणी येणार त्यांच्या नोटिसा काकाजी टाइप करत. नाव बदलायचं, गाव बदलायचं, बाकी मजकूर तोच. त्यात एक शब्द इकडचा तिकडे करण्याचा अधिकार टायपिस्टला नसतो. "घरी येऊन जेवताना पण बोटं तेच करायची," काकू म्हणाल्या. "मी म्हणायची, पुरे. ते म्हणत, मी कुठं करून राहिलो, हात करून राहिले. सिनेमा सांगताना तेवढी थांबायची. तू पाहिलं नसशील."

मी पाहिलं नव्हतं. आता आठवायला गेलो तर दिसलं. टीव्हीशेजारची खुर्ची, आणि दोन्ही हात मांडीवर उघडे, गप्प.

"एक दिवस गावची माणसं कचेरीत आली," काकू सांगत होत्या. "नोटिशीत लिहिलं होतं, हजर राहा. हजर झाली. साहेबाच्या दारासमोर व्हरांड्यात उभी. ह्यांचं टेबल तिथंच. त्यांच्यात एक म्हातारा होता, तो ह्यांच्या टेबलापाशी जमिनीवर बसला. ह्यांना विचारलं, बाबूजी, बैठने को बुलाया है कि उठाने को?"

मुलीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मग?" मी म्हणालो.

"मग काय. हे टायपिस्ट. ह्यांनी मशिनीकडे पाहिलं. साहेब आत होता. दाराखालून त्याचे बूट दिसत होते, सगळ्यांना. तुझे बाबा दारावर होते ना. ते म्हणत राहिले, साहब मीटिंग में हैं. दुपार झाली, संध्याकाळ झाली. बूट काही हलले नाहीत. माणसं गेली."

माझ्या वडिलांनी हे घरी कधी सांगितलं नाही. ते गप्प माणूस होते. मला वाटे, बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नसावं.

"आणि कॅसेट?"

"ती कुठून तरी नंतर आणली. आधी एकटेच बसून शेवटपर्यंत पाहिली. त्या दिवशी जेवले नाहीत. इंग्रजी त्यांना तरी कुठं कळत होतं रे, ते तोंडातल्या तोंडात बोलतात ते? पण काय चाललंय ते कळलं. मग तुमाले बोलावलं आणि आपलंच सांगितलं. मी म्हटलं, हे खोटं आहे. तर मले म्हणाले, दिवसभर खरं टाइप करतो, रविवारी तरी मले मजकूर बदलू दे."

एक गोष्ट मात्र मी काकूंना विचारली, कारण सौद्यात शेवटची बाजू मोकळी ठेवणं माझ्या स्वभावात नाही. "काकू, त्या म्हाताऱ्याला काकाजी काहीच बोलले नाहीत?"

काकूंनी मटारांत हात फिरवला. "एकच शब्द बोलले म्हणे. त्यानं विचारायच्या आधी. तो उभा होता, तर ह्यांनी म्हटलं, बैठो. म्हणून तर तो बसला. आणि बसला म्हणून तर त्यानं विचारलं."

परत येताना मुलगी गाडी चालवत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही इतकी वर्षं त्या पाटलाचं वाक्य वापरलंत. वो पटेल सच में था." मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. नव्या कॉलन्या, नवे टॉवर, जिकडे तिकडे खोदलेलं. म्हणालो, "गोदामावर घे."

आता दाराबद्दल. ती जुनी कचेरी पाडली तेव्हा माल मीच उचलला होता. त्यात साहेबाच्या केबिनची ती झुलती दारं होती. वडिलांचं स्टूल त्यांच्याशेजारी असे, म्हणून मी ती वेगळी काढून ठेवली होती. दुसरं कारण नव्हतं. सागवान आहे, बिजागऱ्या पितळी, अजून एका बोटाने झुलतात. कोलार रोडवरच्या एका नव्या हॉटेलवाल्याला तशीच दारं हवी आहेत. त्याला आत बार करायचा आहे, सिनेमातल्यासारखा, टोप्या आणि घोड्यांचे नाल लावून. खाँ त्याचा भाव घेऊन आले. भाव चांगला आहे. इतका चांगला, की मी घासाघीससुद्धा केली नसती.

"को खाँ, दे दो," खाँ म्हणाले. "दरवज्जा ई तो है."

मी दिली नाहीत. खाँना वाटलं, मी आणखी चढवतो आहे. त्यांना मी काकूंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ते चौकटींच्या थप्पीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "तो वो बूट किसके थे?"

खाँ नेमका प्रश्न विचारतात, म्हणून तर त्यांना भागीदार केलं. काकाजींनी मला फसवलं, हे मी मागे घेत नाही. पण तो हिशेब माझा आणि त्यांचा आहे, आणि तो मी त्या कललेल्या बाकाच्या खात्यावर मिटवला. त्यांनी म्हाताऱ्याला निदान बसवलं. साहेबाने सांगितलं तेवढं वडिलांनी केलं आणि ते घरी आणलं नाही. जो सिनेमात टोपी काढतो, तो साहेब काकाजींनी स्वतःच्या मनातून काढला, कारण कचेरीत त्यांना तसा मिळाला नाही. एका टायपिस्टला हे करावं लागलं, त्याची शरम टायपिस्टला नाही.

त्या साहेबाचं नाव मला अजून कळलेलं नाही. कळेल. माल कोणाच्या घरचा, हे शोधणं माझा धंदाच आहे. ते असतील तर कुठल्या तरी कॉलनीत पेन्शन घेत असतील, सकाळी फिरत असतील. नसतील तर त्यांच्या खुर्चीवर आज दुसरं कोणी बसलेलं आहे आणि तेही मीटिंगमध्ये आहे. ती दारं मी गोदामात चौकट बसवून उभी केली आहेत. समोर एक बाक टाकला आहे, सरळ, माझ्या माणसांनी केलेला. मी त्यावर बसलो आहे. ज्याचे बूट होते त्याने दार ढकलून बाहेर यावं आणि सांगावं. साहेब, बसायला बोलावलं होतंत, की उठवायला?